दहा मिनिटांची ओळ

एकदा एका हळदीच्या व्यापाऱ्याला संशय आला, की आपल्या घरात कुणीतरी डोकावते आहे. गोदामात किती पोती उरली आहेत, हे बाजारातल्या प्रतिस्पर्ध्याला नेमके कळत होते.

व्यापाऱ्याचे घर आणि गोदाम घाटापलीकडच्या गावात, एकाच आवारात होते. तिथल्या इंटरनेटची राखण एक जुना संगणक करीत असे. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या एका वृद्ध जाणकाराने तो भंगारातून उचलून, नेटवर्कची दोन कार्डे बसवून, राउटर म्हणून उभा केला होता. त्याचे काम दुहेरी. बाहेरून येणाऱ्याला नियमांच्या यादीशी ताडून आत घ्यायचे किंवा परत पाठवायचे. आणि आतले फोन, कॅमेरे, संगणक बाहेर निघाले की सर्वांना घराचा एकच पत्ता द्यायचा, उत्तर आले की ज्याचे त्याला पोहोचवायचे. ही यादी तो वृद्ध शहरातल्या आपल्या खोलीत बसून, दुरूनच लिहीत असे.

त्याच्याकडे एक शिष्या होती. अभियांत्रिकीची पदवी घेतलेली, हुशार आणि तडकणारी. कॉलेजात चार वर्षे जे नुसते पाठ केले ते इथे हाताने करायला मिळते, म्हणून ती तीन महिने येत होती. पण तिची एक पक्की समजूत होती. वडीलधारी माणसे सगळे शिकवतात आणि एक किल्ली मात्र स्वतःच्या कनवटीला ठेवतात.

तसे वाटायला कारणही होते. नियम बदलायला बसला की वृद्ध आधी स्क्रीन किंचित आपल्याकडे वळवी, एक ओळ लिही, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाही आणि मगच तिला खुर्ची देई. काम संपले की पुन्हा स्क्रीन वळवून काहीतरी पुसे.

"अण्णा, काय लिहिलंत ते?"

"काही नाही गं. सवय आहे."

सवय! ज्या गोष्टीचे कारण तिला आजवर कुणी सांगितले नव्हते, तिचे नाव नेहमी 'सवय' किंवा 'पद्धत' असेच निघाले होते.

व्यापाऱ्याने फोन केला तो वृद्धाला नव्हे, तिला. "ताई, रागावू नका, पण तुमचे अण्णा सरळ आहेत ना? सगळ्या चाव्या त्यांच्याकडेच. उद्या दुपारपर्यंत मला सांगा. नाहीतर तो डबा उचलून फेकतो आणि गावभर सांगतो, की म्हातारा लोकांच्या घराला डोळा लावून बसतो."

चाळीस वर्षांचे नाव उद्या दुपारपर्यंत राहणार की जाणार, हे आता तिच्या एका वाक्यावर होते. तिने यंत्राची नोंद उघडली. नियम बदलले त्या प्रत्येक दिवशी एक ओळ होती: दहा मिनिटांनी जुनी यादी परत लागू कर. दर वेळी शेवटी ती पुसलेली. आणि त्या जुन्या यादीत एक नियम होता: या पत्त्यावरून येणाऱ्याला आत घे. पत्ता वृद्धाच्या खोलीचा!

पुसलेली ओळ कुणाचे काही बिघडवू शकत नाही, हे तिला दिसायला हवे होते. पण तिला तिथे दिसला तो फक्त पुरावा नष्ट करणारा हात.

दुसऱ्या दिवशी सकाळी वृद्ध दाढ काढायला गेला. खोलीत ती एकटीच. फोनवर बोलायचे वाक्य तिने तयार ठेवले होते, "शेठ, तुमचा संशय खरा ठरला." त्याआधी ते दार स्वतः बंद करावे म्हणून ती बसली. दहा मिनिटांची ओळ अर्थातच लिहिली नाही. चालू यादी सगळी पुसली, तिची जपलेली प्रत तेवढी यंत्रात राहिली, आणि पहिला नियम लिहिला: बाहेरून येणाऱ्या कुणालाही आत घेऊ नकोस. दुसरा लिहायचा होता: फक्त मला घे.

यंत्र आज्ञाधारक. पहिला नियम त्याने लिहिताक्षणी पाळला. दुसऱ्याचे एक अक्षरही उमटेना.

तेव्हा तिच्या ध्यानात आले. ती बसली होती वृद्धाच्या खोलीत. या खोलीतून बाहेर पडणारा प्रत्येक जण एकाच पत्त्याने ओळखला जातो, हेच तर ती शिकायला येत होती. ज्या नियमाला तिने वृद्धाची चोरकिल्ली मानले, त्याच नियमाने तिलाही रोज आत घेतले होते.

आतल्यांना बाहेरून येणारी उत्तरेही तिच्या पहिल्या नियमाने अडवली होती. फोन वाजला. "ताई, सगळं बंद! कॅमेरे दिसेनात, काही चालेना. म्हातारबुवांनीच केलं ना?"

'हो' म्हणणे किती सोपे होते. पण ती म्हणाली, "तिथे येऊन सांगते."

वृद्ध परतला तो तोंडात कापसाचा बोळा, अर्धा गाल सुजलेला. त्याने थिजलेली स्क्रीन पाहिली, घड्याळ पाहिले. "ओळ लिहिली नाहीस."

"नाही."

त्याने पिशवीत कीबोर्ड घातला. "चल. एसटीला वीस मिनिटं आहेत."

घाटभर तो गाल धरून खिडकीबाहेर पाहत बसला. तो ओरडला असता तर तिला बरे वाटले असते.

गावात उतरल्यावर पहिल्यांदाच तिने ते गोदाम पाहिले. दार सताड उघडे, तोंड रस्त्याकडे, समोर चहाची टपरी. व्यापारी सामोरा आला तोच टपरीवाला म्हणाला, "शेठ, कालच्यापेक्षा दोन थप्प्या कमी दिसतात!" बाकावर चहा पीत बसलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या माणसाने घाईने तोंड फिरवले. व्यापारी तिथेच खिळल्यासारखा उभा राहिला.

घरात राउटरच्या कडेला एक कागद चिकटवलेला होता. दुरुस्तीसाठी कुठला पत्ता आत येऊ द्यायचा, ते वृद्धाच्या अक्षरात. खाली व्यापाऱ्याची सही.

"हे तुम्हीच सही केलेलं?" तिने विचारले.

"असेल. ते म्हणाले, सही करा, केली. बरं, म्हणजे यंत्रात चोर कुणी नव्हताच ना?"

"चोर कुणी नाही. घर मी बंद पाडलं, शेठ. अण्णांवर संशय घेऊन."

वृद्धाने कापसाचा बोळा काढून रुमालात ठेवला. "नियम लिहिणारा बाहेरच्या प्रत्येकावर संशय घेतो. घ्यावाच. पण लिहिणारा हात तेवढा त्यातून सुटतो. ती ओळ म्हणजे माझ्या हातावर मी घेतलेला संशय. माझं चुकलं आणि मीच बाहेर अडकलो, तर दहा मिनिटांनी यंत्र आपोआप जुन्या यादीवर जातं आणि मला आत घेतं. सगळं नीट चाललं, तरच मी ती पुसतो."

"मग तीन महिने हे सांगितलं का नाही? सवय म्हणालात!"

"ताई, अहो, दाढ काढलीय त्यांची," व्यापारी पुटपुटला.

"शेठ, तुम्ही थांबा."

वृद्ध हळूच बोलला. "तरुणपणी एका चुकीच्या ओळीनं मी दूरचं एक एक्स्चेंज बंद पाडलं होतं. मी तिथवर पोहोचेपर्यंत, अर्धा दिवस, तालुक्याचे फोन मुके. ते सांगायची लाज वाटायची, म्हणून स्क्रीन वळवत राहिलो. तुझा संशय चुकीचा नव्हता. विचारायच्या आधी पुसलंस, तेवढं चुकलं."

"विचारलं होतं मी."

वृद्धाने मान खाली घातली. "हो. विचारलं होतंस."

मग ती खुर्चीत बसली. राउटरला जोडलेली स्क्रीन तिने तिघांनाही दिसेल अशी वळवली आणि मोठ्याने म्हणत पहिली ओळ लिहिली, "दहा मिनिटांनी जुनी यादी परत लागू कर." वृद्धाने सवयीने भिंतीकडे पाहिले. तिथे घड्याळ नव्हते. व्यापाऱ्याने मुकाट्याने आपले मनगट पुढे केले.

नियम एकेक करून बसले. कॅमेरे उजळले. वृद्धाच्या पत्त्याचा नियमही तिने व्यापाऱ्याला वाचून दाखवून परत लिहिला. सातव्या मिनिटाला ओळ पुसायला उचललेले बोट तिने मागे घेतले, सगळे पुन्हा एकदा तपासले आणि नवव्या मिनिटाला ओळ पुसली.

व्यापारी उठला आणि गोदामाचे दार लावायला गेला.

आपणही रोज कुणासाठी ना कुणासाठी नियम लिहीत असतो; लिहिताना स्क्रीन कुणाकडे वळवली आहे, एवढे मात्र एकदा पाहावे.