दृष्टीची पांढरी मोहरी

एकदा काय झालं, हिवाळ्यातल्या एका सकाळी असं दाट धुकं पडलं, की कोंबडा आरवला तरी कुणाच्या कुडावरून आरवला ते कळेना. गाव होतं डोंगरांच्या मधोमध, वाटीच्या तळाशी असावं तसं. धुकं त्या वाटीत उतरलं आणि दह्यासारखं विरजून बसलं. हलायचं नाव घेईना. सूर्य रोज वरून जायचा, वाकून बघायचा. गाव काही दिसायचं नाही. मग बापडा तसाच पुढं जायचा.

त्या गावात खेमा नावाचा म्हातारा राहायचा. तो आणि त्याची नात ठकू, दोघंच. ठकू म्हणजे दिवसभर नुसती टकळी, बरं का. पण ते धुकं पोरीच्या छातीत शिरलं. छाती घरघरायला लागली, बोलणं बंद झालं, घास गिळेना. खेमा तिच्या उशाशी बसून श्वास ऐकत राही. एक आला, की दुसऱ्याची वाट बघे.

दगड रचून केलेल्या कमरेएवढ्या गडग्यापलीकडे बायजाक्का राहायची. तिनं खेमाला लहानपणापासून पाहिलेलं, म्हणून एवढ्या म्हाताऱ्यालाही ती खुशाल अरेतुरे करायची. तिनं ठकूला पाहिलं आणि सांगितलं, की पोरीला दृष्ट लागलीय. मोहरी उतरव आणि चुलीत टाक. तडतडली, की गेली समज.

खेमाकडे पांढरी मोहरी तेवढी होती. तीही बियाण्याची, गाडग्यात जपून ठेवलेली. त्यानं मूठ भरली, ठकूवरून तीनदा उतरवली आणि चुलीपाशी गेला. पण हात पुढं होईना. जन्मभर दाणे पेरलेला माणूस तो. जिवंत बी विस्तवात कसं टाकायचं? मग तो गुपचूप मागच्या दारी गेला आणि मूठ धुक्यात भिरकावून दिली. ती पडली नेमकी अक्काच्या अंगणात.

गोष्टीतली मोहरी ती, सकाळी उगवलीसुद्धा. कोंबांवरची टरफलं पांढरी, आणि पांढरी मोहरी गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हतीच.

"खेमा," अक्का गडग्यावरून म्हणाली, "नातीची दृष्ट माझ्या दारात पेरलीस?"

खेमाला मान वर करवेना. अक्का खुरपं घेऊन रोपांपाशी बसली. तोच एक रोप हळूच बोललं, "अक्का, थांब. मला पान येऊ दे."

बोलणाऱ्या दृष्टीला कोण हात लावणार? अक्का मुकाट्यानं घरात गेली. दुसऱ्या दिवशी बघते, तर ही हिरवीगार पानं. पलीकडून ठकूचा खोकला ऐकू येत होता. अक्कानं थोडा वेळ ऐकला. मग पानं खुडली, लसूण घालून भाजी केली आणि बाधते का बघायला आधी स्वतः खाल्ली. काही झालं नाही. नाकात झणका तेवढा आला. मग वाटी गडग्यावरून खेमाच्या हातात दिली. ठकूनं कितीतरी दिवसांनी दोन घास खाल्ले.

पण खोकला जाईना. अक्का म्हणाली, झाली भाजी, आता अंगण साफ करते. खुरपं लावलं, तर रोप म्हणतं, "थांब, मला फूल येऊ दे." हे रोप आहे का जावई, असं अक्का पुटपुटली, पण थांबली. मग अंगणभर पिवळी फुलं फुलली. सूर्य वरून चालला होता. एवढ्या पांढऱ्यात ते पिवळं काय, म्हणून खाली वाकला. वाकला तसं धुक्याला चटके बसले. ते उठलं आणि डोंगर चढून निघून गेलं. गावाला ऊन मिळालं.

ठकूच्या छातीतलं धुकं मात्र तिथंच राहिलं.

तिसऱ्या खेपेला अक्का आली ती खुरप्याशिवाय. रोपानं तोंड उघडायच्या आतच म्हणाली, "असू दे. दाणा भरू दे सावकाश."

दाणा भरला. खेमा गडगा ओलांडून आला. "अक्का, विस्तवात टाकवेना गं मला," एवढंच म्हणाला. अक्कानं पाटा मांडला. मोहरी वाटली, कोमट पाण्यात कालवली, फडक्यात गुंडाळून ठकूच्या छातीवर ठेवली आणि लगेच काढलीही. जास्त ठेवली तर कातडी पोळते, बरं का. तशी ठकूला एक मोठी शिंक आली. नाकातून धुक्याचं इवलंसं पिल्लू निघालं आणि खिडकीतून आपल्या आईमागं पळालं.

ठकूनं डोळे उघडले. "आजा," ती म्हणाली, "भाजी संपली का रे?"

उरलेली मोहरी घरोघरच्या लोणच्यांत गेली. मूठभर खेमाच्या गाडग्यात परत आली. ठकूची टकळी सुरू झाली आणि सगळे सुखानं नांदले. आता तुम्हीही मिटा डोळे, पांघरुणं घ्या वर. अक्का शेवटी काय म्हणाली तेवढं सांगतो आणि दिवा मालवतो. गडग्याला टेकून ती म्हणाली, "खेमा, पुढच्या वेळी दृष्ट काढलीस, तर माझ्याच अंगणात टाक."