माकडाची फणी

डोंगरालगतच्या रानात, एका जांभळीखाली माकडाचं दुकान होतं. काम काय, तर जनावरांचे केस विंचरायचे. हात इतका हलका, की अस्वलासारखं अस्वल बसल्या बसल्या घोरायला लागे! दुकानही कसं लख्ख. रोज सकाळी माकड अंगण झाडी, सडा घाली, दारात रांगोळी काढी. पण मुलांनो, गिऱ्हाईक ज्यावर बसे तो दगड आणि सगळ्यांच्या अंगावरून फिरणारी ती एकुलती एक फणी, यांना मात्र कधी पाणी लागत नसे. फणी आजोबांच्या वेळची, तेल पिऊन काळीकुळकुळीत झालेली. धुतली तर तिचा गुण जाईल, अशी माकडाची ठाम समजूत.

एकदा थंडीच्या दिवसांत कोल्हा आला, कराकरा अंग खाजवत. तो विंचरून उठला आणि लगेच सशीण येऊन बसली. तिला पिल्लं व्हायची होती. अंगावरची मऊ लव थोडी थोडी जमवायची आणि पिल्लांसाठी बिळात अंथरायची, ही तिच्या घराची रीत. तेवढ्यात फांदीवरून साळुंकी ओरडली, "अहो दादा, थांबा! कोल्ह्याच्या पाठीवर खपल्या दिसल्या मला. पलीकडच्या गरम झऱ्यात फणी धुऊन आणा. दगडही धुवा."

"उगीच काहीतरी!" माकड फिस्कारलं. "आजोबांनी नाही धुतली, बाबांनी नाही धुतली. माझं अंगण बघ, एक पान तरी दिसतंय का?" आणि त्यानं तीच फणी सशिणीच्या पाठीवरून फिरवली.

व्हायचं तेच झालं. थोड्याच दिवसांत सशिणीला खरूज झाली. लव खपल्यांसकट गळाली, जमवलेलीही फेकून द्यावी लागली. मग हरणं खाजवू लागली, अस्वलही. दुकान ओस पडलं. झाडलेल्या अंगणात माकड एकटंच बसून राही. एके दिवशी सशीण आली आणि लांबच उभी राहिली. "दादा, भांडायला नाही आले," ती म्हणाली. "पिल्लं नुसत्या गवतावर निजवली होती. चार होती. काल सकाळी तीनच उठली."

माकडाला मान वर करवेना. ते फणी घेऊन झऱ्यावर गेलं आणि घासत बसलं. काळं पाणी वाहू लागलं. एवढी घाण आपण इतकी वर्षं सगळ्यांच्या अंगावरून फिरवली, या विचारानं त्याला रडूच कोसळलं. फणीचा गुण मात्र कुठंही गेला नव्हता. त्या दिवसापासून प्रत्येक गिऱ्हाइकानंतर ते फणी धुई, दगड घाशी. हळूहळू जनावरं परतली. अंगावर नवी लव आल्यावर सशीणही आली.

"बसा ताई, आत्ताच धुतलीय फणी," माकड म्हणालं.

"माझ्यासमोर धुवा," सशीण म्हणाली.

माकडाला राग आला नाही. ते उठलं आणि फणी घेऊन सशिणीबरोबर पुन्हा झऱ्याकडे निघालं.

तात्पर्य : अंगण कितीही लख्ख असलं, तरी दहा जणांना लागणारी वस्तू दर वेळी धुतली नाही, तर आपल्या कामाच्या जागेतून रोगच घरोघरी जातो.