काळ्या मातीवरची वीस घरे

प्रतिष्ठान नगरावर जयसेन राजाची सत्ता होती, त्या काळची ही गोष्ट. बोधिसत्त्व तेव्हा दूरच्या, तांबड्या मातीच्या मुलखात एका गवंड्याच्या घरी जन्मला होता. नाव नंदक. पोटापाण्यासाठी तो प्रतिष्ठानला आला, दहा वर्षे त्याने डोक्यावर विटा वाहिल्या, मग स्वतःची भट्टी घातली आणि अखेर सोमिल नावाच्या भागीदाराबरोबर वेशीबाहेर जागा घेऊन विणकरांसाठी वीस घरे बांधली. परक्या गावात माणसाला आपलीच माणसे बरी वाटतात, म्हणून मजूरही त्याने आपल्या मुलखातूनच आणले.

गृहप्रवेशाला आठ दिवस उरले असताना भद्रा नावाची म्हातारी कुंभारीण कौले घेऊन आली. नंदकाने तिला मोठ्या कौतुकाने सांगितले, "आजी, पाया घालण्याआधी मी खड्डा खणून त्याच मातीनं भरून पाहिला. माती वर उरली. आमच्याकडे अशी जमीन पक्की समजतात."

"अरे बाबा, ही काळी माती. ती नेहमीच उरते," भद्रा म्हणाली. "पावसात फुगते नि उन्हाळ्यात फाटते. इथं मुरूम लागेपर्यंत खणावं लागतं. या भिंती काही वैशाख काढायच्या नाहीत."

"मला कुणी सांगितलं कसं नाही?"

"तू विचारलंस कुणाला?"

चूक नंदकाचीच होती, आणि त्या भिंतींखाली लेकुरवाळी कुटुंबे झोपणार होती.

घरे पाडून पक्क्या पायावर पुन्हा बांधायचा निश्चय त्याने सांगितला, तेव्हा सोमिल म्हणाला, "घरं ताब्यात देऊ आणि मोकळे होऊ. आता पाडलीस तर पुन्हा डोक्यावर विटा येतील."

"येऊ देत," नंदक म्हणाला.

सकाळी त्याने विणकरांना बोलावून खरे ते सांगितले आणि पहिल्या घरावर स्वतः पहार घातली. कुणी त्याला परदेशी ठग म्हणाले. सोमिल आपला वाटा घेऊन निघून गेला. नंदकाने भट्टी विकली, गावातल्या जाणत्यांना विचारत मुरुमापर्यंत पाया नेला आणि वीसच्या वीस घरे पुन्हा उभी केली. वर्षाने विणकर राहायला आले. नंदक पुन्हा विटा वाहू लागला. त्याला वाईट वाटलेच, पण पस्तावा झाला नाही.

कित्येक उन्हाळे गेले, भिंतींना तडा गेला नाही. विणकरांची नातवंडे तिथेच मागावर बसू लागली. घरे कुणी बांधली, हे मात्र कुणालाच सांगता येईना.

कुटीच्या भिंतीची भेग वरवर लिंपून झाकणाऱ्या एका भिक्खूला भगवंतांनी ही कथा सांगितली आणि म्हटले, "तेव्हाचा सोमिल तू होतास. भद्रा म्हणजे आजची भिक्खुणी उत्पलवर्णा. आणि ज्याचे नाव लोक विसरले, तो गवंडी मी."

केलेला निश्चय सर्वस्व गेले तरी न सोडणे, हीच अधिष्ठान पारमिता.