टोचनाचा हूक

“उघडतो का?” बाबालाल मेस्त्रींनी विचारलं.

बसूला प्रश्नच कळला नाही.

“काय उघडतो, उस्ताद?”

“हूक.”

बसू हसला. जुन्या पिकअपच्या मागे, चेसिसला त्यानं हूक लावला होता. जाड लोखंडाचा, काळा रंग दिलेला. शेवंताक्कांचा काँक्रीट मिक्सर आता याच गाडीला टोचन होऊन स्लॅबच्या कामांवर जाणार होता. आज त्यांना आंबोलीचा घाट उतरायचा होता. गाडीत सहा माणसं बसणार होती.

हे काम उस्तादांच्या पसंतीला उतरलं, तर बसूलाही लोक मेस्त्री म्हणणार होते. तसा शब्द उस्तादांनीच दिला होता.

“उघडायचा कशाला?” बसू म्हणाला. “बोल्ट लावलेच नाहीत. चारी बाजूंनी वेल्ड मारलंय. हूक आणि गाडी एकजीव!”

“हूक लावलास की लग्न लावलंस रे?” शेवंताक्का म्हणाल्या.

“लग्न मोडेल अक्का, हे मोडणार नाही. हत्ती बांधा.”

मेस्त्रींनी खाली वाकून वेल्डवरून बोट फिरवलं. मग बोट थोडं बाजूला सरकवलं, चेसिसच्या जुन्या पत्र्यावर… आणि तिथंच ठेवलं.

“भंगारातून एक जुनी पट्टी आण,” ते म्हणाले. “तिला नवा तुकडा जोड. तुझ्या हातचं सगळ्यात चांगलं वेल्ड मार.”

बसूनं मारलं. खरंच सुंदर होतं. वेणीसारखं.

पट्टी गार झाल्यावर मेस्त्रींनी ती शिकंज्यात आवळली, वर पाइप चढवला आणि पाइप बसूच्या हातात दिला.

“हलव.”

बसूनं पट्टी वाकवली. उलटी वाकवली. पुन्हा वाकवली.

कट्.

“वेल्ड तुटलं?”

“नाही, उस्ताद.” बसूचा आवाज अजून ताठ होता.

“मग काय तुटलं?”

बसूनं तुकडा उचलला. वेल्ड जसंच्या तसं होतं. त्याला चिकटूनच जुनी पट्टी तुटली होती.

तिथं ती वेल्डच्या आचेनं भाजून ठिसूळ झाली होती.

मग त्यानं ग्राइंडर उचलला.

शेवंताक्कांनी कपाळाला हात लावला. “अरे, माझी माणसं खोळंबलीत!”

“घाटाच्या वर खोळंबलेली बरी, अक्का,” मेस्त्री म्हणाले.

दुपार हूक कापून काढण्यात गेली. भाजलेला भाग सोडून बसूनं पुढं, चांगल्या पत्र्याला भोकं पाडली. आतून जाड पट्ट्या दिल्या. मोठे बोल्ट घातले आणि सगळा जोर लावून आवळले.

“मिक्सर जोडून फाट्यापर्यंत एक चक्कर मारून या,” मेस्त्री अक्कांना म्हणाले.

गाडी गेली. गाडी आली.

“आता पाना लाव.”

बसूनं पाना लावला. पहिला बोल्ट थोडा फिरला. दुसराही. तिसरा, चौथा… सगळेच थोडे थोडे सैल.

बसूचे डोळे चमकले. तो गाडीखालून बाहेर आला.

“बघा, उस्ताद! एका चकरेत ढिले पडले.”

“पडले.”

“पुन्हा आवळले मी. पण घाटात परत पडले तर?”

मेस्त्रींनी तोच पाना फडक्यानं पुसला आणि अक्कांच्या सीटखाली ठेवला.

“घाटाच्या तोंडाशी थांबा, अक्का. हात लावून बघा.”

अक्कांनी मान डोलावली. माणसं चढली. गाडी हळूहळू रस्त्याला लागली, मागे मिक्सर डुलत निघाला.

मिक्सर वळणाआड जाईपर्यंत बसू बघत होता. मग म्हणाला,

“पण उस्ताद, माझं वेल्ड ढिलं पडलं नसतं.”

“नसतं पडलं,” मेस्त्री म्हणाले. “बोल्ट ढिला पडून सांगतो. ते मुकं होतं.”