महाराजांनी खाल्लेली नवरी

सुकेतू महाराजांनी आपली होणारी राणी चटणीत वाटून खाल्ली, आणि गुन्हा मात्र आला केरबा माळ्याच्या डोक्यावर!

झालं होतं असं. थेओदोर नावाचा यवन व्यापारी गलबतातून एक कुंडी घेऊन आला आणि नजराणा म्हणून त्यानं ती महाराजांपुढे ठेवली. महाराजांनी ती केरबाच्या हवाली केली. केरबानं एक पान चुरगळून हुंगलं, "हा तर पुदिना!" म्हणाला आणि सगळा खुडून सरळ मुदपाकखान्यात धाडला. तिथं ओलं खोबरं पडलं, आलं पडलं, लिंबू पिळलं गेलं. महाराजांनी भाकरीशी चटणी खाल्ली आणि बोटं चाटली. शेजारी बसलेल्या थेओदोरनं मग सहज त्या झाडाची गोष्ट काढली.

"आमच्याकडे हिला मिंथा म्हणतात, महाराज. मिंथा ही नदीतली अप्सरा. पाताळाच्या राजाचं तिच्यावर मन बसलं. त्याच्या राणीला ते कळलं आणि तिनं मिंथेला पायाखाली तुडवलं! तिचंच हे झाड झालं. म्हणून तर तुडवलं की अजून वास सुटतो."

महाराजांना जोराचा ठसका लागला.

"म्हणजे मी अप्सरा खाल्ली? जिच्यावर एका राजाचं मन बसलं, तिच्यावर माझंही बसलंय! मी लग्न करणार तिच्याशी!"

"पण महाराज, ती आता पोटात आहे," प्रधानजी हळूच म्हणाले.

"तो माळ्याचा अपराध! आठ दिवसांत मिंथेला मुलगी करून मंडपात उभी करा. नाही जमलं तर माळ्याचं डोकं उडवा!"

केरबाला कोठडीत टाकलं. त्याची मुलगी मंजुळा आधी पोटभर रडली. रोपांशी लेकरासारखं बोलणारा तिचा बाप एका चटणीपायी मरणार होता. मग तिला संताप आला, आणि संतापाच्या भरात तिनं त्या बोडक्या कुंडीला तांब्याभर पाणी घातलं. पुदिना म्हणजे महाचिवट जात. पाचव्या दिवशी कोंब, आठव्या दिवशी भरगच्च पानं! मंजुळेनं कुंडी कडेवर घेतली आणि दरबार गाठला.

तिथं मंडप सजला होता. महाराज मुंडावळ्या बांधून पाटावर बसले होते. भटजी अक्षता घेऊन उभे होते. थोरल्या राणीसाहेब बाजूला तोंड फुगवून बसल्या होत्या.

"ही बघा मिंथा, महाराज! जिवंत आहे. माझ्या बाबांवरचा आळ फिटला!"

"झाड काय दाखवतेस? मुलगी कुठाय मुलगी?"

मंजुळा थेओदोरकडे वळली. "काका, मिंथा या शब्दाचा तुमच्या भाषेत अर्थ काय हो?"

थेओदोरनं मान खाजवली. "अर्थ... काहीच नाही. खरं सांगू का पोरी, शब्द मुळात आमचा नाहीच. आमचे पूर्वज त्या देशात आले तेव्हा तिथं आधीची माणसं राहत होती. झाडाचं नाव त्यांचं. आम्ही ते तसंच उचललं, असं आमचे जाणते म्हणतात."

"आणि ती अप्सरा?"

"ती मागाहून आली असणार. नावाचा अर्थ लागेना, तेव्हा कुणीतरी गोष्ट जोडून दिली."

"ऐकलंत महाराज? आधी झाड, मग नाव, आणि मुलगी सगळ्यांत शेवटी! जी कधी नव्हतीच, तिला मी आणू कुठून?"

"नव्हती कशी?" महाराजांनी पाटावर पाय आपटला. "गोष्ट आहे म्हणजे मुलगी आहे! गोष्ट खरीच असते!"

"सगळ्या गोष्टी खऱ्या?"

"सगळ्या! हा राजाचा शब्द!"

मंजुळेनं कुंडी खाली ठेवली आणि पदर खोचला.

"मग आपल्या तुळशीचीही खरी. वृंदा होती, तिची तुळस झाली. दर कार्तिकात घरोघरी तिचं लग्न लागतं. तिची आधी मुलगी करा म्हणून कुणी अडून बसतं का? झाडालाच हळद लावतात आणि झाडावरच अक्षता टाकतात. तेव्हा नवरी तयार आहे. नवरदेवाचं तेवढं बघा."

"मी तयारच आहे! या मुंडावळ्या दिसत नाहीत तुला?"

"कुठले तयार! भटजीबुवा, तुळशीचा नवरा कोण?"

"शाळिग्राम," भटजी म्हणाले. "वृंदेनं शाप दिला आणि प्रत्यक्ष विष्णूचा दगड झाला."

"दगड!" मंजुळेनं टाळी वाजवली. "झाडाच्या नवरीला दगडाचा नवरा! देवानं पाळलेली रीत महाराज कशी मोडतील? आपण दगड व्हावं, की मी लगेच अंतरपाट धरते!"



"किती दिवस व्हायचं?" महाराजांनी चाचरत विचारलं.

"कायमचं. रोज पहाटे गार पाण्यानं अंघोळ."

"आणि जेवण?"

"नैवेद्य दाखवतील."

"चटणी?"

"तीही दाखवतील."

आठ दिवसांत पहिल्यांदाच थोरल्या राणीसाहेबांचा चेहरा खुलला. त्या लगबगीनं उठल्या. "मी देवघरात जागा करते. कोपऱ्यात, घंटेच्या मागे. तिथं कुणाच्या पायात यायचे नाहीत."

महाराजांनी राणीसाहेबांकडे पाहिलं, मग कुंडीकडे पाहिलं, आणि त्यांना असं हसू फुटलं की मुंडावळ्या घसरून गळ्यात आल्या! हसता हसताच त्यांनी केरबाला सोडायला सांगितलं. विहिरीपलीकडची आंबराई मंजुळेला इनाम दिली आणि स्वतःच्या गळ्यातला कंठा काढून तिच्या हातात ठेवला.

मग ते जरा पुढं वाकले आणि हळूच म्हणाले, "मंजुळे, आता ही नवरी नाही ना? मग चार पानं खुड गं. वऱ्हाड जेवायचं थांबलंय!"