शिंगरू कुणावर गेलं?

“सटव्या! हे तांबडं कुठून आलं?” महाराज कडाडले आणि माझे कान थरथरले. माझे कान सुपाएवढे आहेत. मी घाबरलो की सगळ्या दरबाराला कळतं!

मी सटवाजी, महाराजांच्या पागेतला मोतद्दार. घोड्यांची निगा राखतो. महाराजांची लाडकी घोडी काजळी काळीभोर, घोडा शाळिग्राम काळाकुळकुळीत आणि त्यांना झालेलं शिंगरू मात्र भट्टीतून काढलेल्या विटेसारखं तांबडं!

“धोब्याचं तांबडं तट्टू पागेत शिरलं आणि तू घोरत पडला होतास!”

मी घोरतो हे खरं होतं, म्हणून जीभ अडखळली. “नाही महाराज! शिंगरू आज्यावर गेलंय. शाळिग्रामचा बाप तांबडा होता.”

“कुठाय तो?”

“वर गेला, महाराज.”

“वर गेला? मग हे त्याच्यावर कसं जाईल? आईबापांत नाही ते मेलेल्या आज्याकडून येतं, हे उद्या दरबारात सिद्ध कर! नाहीतर शिंगरू धोब्याला आणि तू वेशीबाहेर!”

मला एक थोर उपाय सुचला. शिंगराला काजळ फासायचं! एक पाय काळा केला, तोवर काजळीनं तो चाटून पुन्हा तांबडा केला. काळा राहिला तो फक्त माझा सदरा. मग मी घरी जाऊन रडत बोचकं बांधायला बसलो. पागेशिवाय मला दुसरं काही येत नाही आणि पागेतलंही किती येतं ते आता दिसतच होतं.

माझी मुलगी बकुळा शेजारी येऊन बसली. “बाबा, थोरल्या महाराजांचे डोळे कसे होते हो?”

“काळे.”

“आणि आईसाहेबांचे?”

“काळेच. इथं घर हातचं चाललंय आणि तुला डोळ्यांचं काय पडलंय?”

“उद्या मला बरोबर न्या,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दरबारात बकुळानं महाराजांना मुजरा केला आणि सरळ चिकाच्या पडद्याकडे वळली. पडद्यामागे आईसाहेब बसल्या होत्या.

“आईसाहेब, तुमचे डोळे काळे, थोरल्या महाराजांचेही काळे. मग आमच्या महाराजांचे घारे डोळे कुणावर गेले?”

सगळ्या दरबारानं माना पडद्याकडे वळवल्या! माझे कान तर पंख्यासारखे हलायला लागले.

“अगं, आजीवर!” आईसाहेब कौतुकानं म्हणाल्या. “माझ्या सासूबाई अश्शाच घाऱ्या. आणि हा हट्टसुद्धा त्यांचाच हो!”

“त्या कुठे असतात?”

“वर गेल्या, बाई. हा पाळण्यात होता तेव्हाच.”

बकुळा महाराजांकडे वळली. “ऐकलंत ना, महाराज? मग तुमच्या न्यायानं आज वेशीबाहेर कुणाकुणाला जायचं?”

महाराजांचे घारे डोळे माझ्यावर रोखले गेले. संपलं सगळं, असं मला वाटलं. तेवढ्यात पडद्यामागून खुदकन हसू आलं, आणि महाराजही मांडीवर थाप मारून हसायला लागले.

“सटव्या, ही पोरगी कुणावर गेली रे?”

“कान माझे, महाराज. दोन कानांच्या मधलं सगळं तिच्या आईचं!”

महाराज डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. तांबडं शिंगरू त्यांनी बकुळाला बक्षीस दिलं आणि मला तिच्या हाताखाली मोतद्दार नेमलं!