झिजणारं चाक

कारखान्यात पहिलं ग्राइंडर आलं, तेव्हाची गोष्ट. खुंटीवर घासायची दोन चाकं होती, एक कडक, एक मऊ. एकदा पाणी देऊन कडक केलेल्या पोलादाची पट्टी घासायला आली.

"कडकाला कडकच लागतं!" कडक चाक गुरगुरलं. "हे मऊ झिजून जाईल."

सर्जेराव मेस्त्रींना पटलं. त्यांनी कडक चाकच मशीनवर चढवलं.

घासता घासता चाकाने आपले बोथट झालेले कणही घट्ट धरून ठेवले. पट्टी तापून निळी पडली. "अरे, कापत नाहीस, जाळतंयस!" ती किंचाळली. "आता तडकेन मी!"

मेस्त्रींनी झटकन मशीन थांबवून मऊ चाक चढवलं. ते बोथट कण टाकत गेलं, आतले धारदार कण पुढे आले. पट्टी गार राहून लखलखली.

"केवढं झिजलंस!" खुंटीवरून कडक चाक हसलं.

पट्टी म्हणाली, "तू मात्र होतंस तेवढंच आहेस. बोथट कणांसकट."